विश्लेषण : विमान तातडीने खाली आणायचे, पण ‘स्पीडब्रेक’च चालत नाहीत… वैमानिकाच्या हाती काय उरते?

गेल्या वर्षी, ३० जून २०२५ रोजी, शांघायहून टोक्योच्या नारिता विमानतळाकडे निघालेले एक बोइंग ७३७ विमान ३६ हजार फुटांवरून साधारण दहा मिनिटांत साडेदहा हजार फुटांखाली आले. केबिनमधील दाब बिघडल्याचा इशारा मिळाला होता. छतातून प्राणवायूचे मास्क खाली लोंबू लागले. विमानात १९१ जण होते. काहींनी घरच्यांना निरोपाचे संदेश लिहिल्याच्या बातम्या नंतर आल्या. विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावर सुखरूप उतरले. आपल्याकडच्या मोबाइलवर मात्र ही बातमी ‘विमान २६ हजार फूट कोसळले’ अशा मथळ्यांनी फिरत राहिली.

विमान कोसळले नव्हते. ते खाली आणले गेले होते. २६ हजार फूट दहा मिनिटांत म्हणजे मिनिटाला सरासरी अडीच हजार फूट. मुंबईत उतरण्यापूर्वी कोणतेही प्रवासी विमान जवळपास याच गतीने उंची सोडत असते. खऱ्या अर्थाने तातडीची उतरण याच्या दुपटीहून वेगवान असू शकते आणि त्यासाठी वैमानिकाच्या हाताशी एक खास साधन असते : स्पीडब्रेक. नेमके तेच चालले नाही तर काय, हा प्रश्न वैमानिकांच्या वर्तुळात नेहमी चर्चिला जातो. प्रवाशांनाही तो समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याच्या उत्तरात प्रवाशांचाही वाटा आहे.

मुळात इतकी घाई कशाला?

प्रवासी जेट ३५ ते ४० हजार फुटांवरून उडते. बाहेर हवा इतकी विरळ असते, की माणूस तिथे शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून इंजिनातून घेतलेली दाबयुक्त हवा केबिनमध्ये सोडली जाते आणि आतले वातावरण साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखे ठेवले जाते. खिडकी फुटली, दार निसटले, हवा सोडणारी झडप अडकली किंवा हवापुरवठाच बंद पडला, की हे कृत्रिम वातावरण विरू लागते.

त्यानंतर घड्याळ सुरू होते. ३५ हजार फुटांवर मास्क नसलेला निरोगी माणूस साधारण अर्धा ते एक मिनिट काही उपयोगी काम करू शकतो. ४० हजारांवर हा अवधी १५-२० सेकंदांवर येतो, २५ हजारांवर तीन ते पाच मिनिटे मिळतात. दाब एकदम गेला तर हे आकडे निम्म्यावर येतात. यातली वाईट गोष्ट अशी, की गुदमरल्याची जाणीव होत नाही. उलट बरे वाटते, किंचित नशा चढल्यासारखे. मग बोटे ऐकेनाशी होतात.

१४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजचे बोइंग ७३७ सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघाले. देखभालीच्या वेळी दाब नियंत्रणाची कळ ‘मॅन्युअल’वर ठेवली गेली होती आणि ती तशीच राहिली. चढताना इशाऱ्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांनी तो वेगळ्याच गोष्टीचा समजला. काही मिनिटांत दोघेही निष्क्रिय झाले. विमान ऑटोपायलटवर अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिले. ग्रीक हवाई दलाची एफ-१६ विमाने शेजारी आली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना सहवैमानिक आसनावर कोसळलेला दिसला. इंधन संपल्यावर विमान डोंगरात आदळले आणि सर्व १२१ जण मरण पावले. त्या विमानात खाली येण्याची सगळी साधने होती, ती वापरणारे शुद्धीवर नव्हते, इतकेच.

मुंबईच्या वाचकांना २० सप्टेंबर २०१८ची जेट एअरवेजची मुंबई-जयपूर फेरी आठवत असेल. केबिनला हवा पुरवणारे ‘ब्लीड’चे स्विच चालू करायचे राहून गेले होते. विमानातील १६६ प्रवाशांपैकी ३० जणांना त्रास झाला. कोणाच्या नाकातून, कोणाच्या कानातून रक्त आले. विमान मुंबईला परतले. सुदैवाने ते फार उंच पोहोचले नव्हते.

स्पीडब्रेक म्हणजे नेमके काय?

खिडकीजवळ बसलेल्यांनी ते पाहिलेले असतात. पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर आयताकृती फळ्यांची रांग असते. उतरताना कधी कधी त्या उभ्या राहतात आणि विमान थरथरते. या फळ्यांना स्पॉयलर म्हणतात. हवेत त्या दोन्ही पंखांवर एकदम उघडल्या की स्पीडब्रेकचे काम करतात. हवेला अडथळा वाढतो, पंखाची उचल थोडी कमी होते आणि वेग न वाढवता विमान जास्त तीव्रतेने खाली येते. जमिनीला चाके टेकल्यावर त्याच फळ्या पूर्ण उभ्या राहून पंखाची उचल मारून टाकतात. हा दुसरा उपयोग पुढे महत्त्वाचा ठरतो.

त्यांची गरज का भासते? कारण आधुनिक जेट फार गुळगुळीत असते. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटचे एअरबस ए-३३० अटलांटिकवर इंधन संपून दोन्ही इंजिने बंद पडल्यावर सुमारे १९ मिनिटे तरंगत अझोरेस बेटांवर उतरले. जे यंत्र इंजिनांशिवाय इतका वेळ हवेत राहू शकते, त्याला पटकन खाली आणणे हेच अवघड काम असते. वरून दगड सोडावा तसे विमान पडेल, ही आपली कल्पना इथे उलटी ठरते.

आणखी एक उलटी गोष्ट. जड विमान लवकर खाली येईल असे वाटते. प्रत्यक्षात कमाल वेगाने, इंजिने मंद ठेवून उतरताना भरलेले विमान रिकाम्यापेक्षा सावकाश खाली येते. हवेचा अडथळा दोघांना जवळपास सारखाच असतो, पण जड विमानाची साठलेली ऊर्जा जास्त असते आणि तेवढ्याच अडथळ्याला ती जिरवायला वेळ लागतो. घाटात भरलेला ट्रक ब्रेकला दाद देत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे प्रवाशांनी व इंधनाने भरलेल्या, नुकत्याच वर चढलेल्या विमानाला स्पीडब्रेकची गरज सर्वाधिक असते.

ते बंद पडतातच कसे?

सगळेच्या सगळे एकदम बंद पडणे दुर्मीळ आहे. थोडे बंद पडणे मात्र तितके दुर्मीळ नाही. भारतात सर्वाधिक दिसणाऱ्या एअरबस ए-३२०चे उदाहरण घेऊ. प्रत्येक पंखावर पाच स्पॉयलर असतात, त्यातले मधले तीन स्पीडब्रेक म्हणून वापरले जातात. ते वेगवेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणांवर चालतात. या यंत्रणांना हिरवी, निळी, पिवळी अशी नावे आहेत. पिवळी गेली की तीन जोड्यांपैकी एकच उरते. एका पंखावरचा एक स्पॉयलर बिघडला तर संगणक समोरच्या पंखावरचा त्याचा जोडीदारही बंद ठेवतो, नाहीतर विमान एका बाजूला झुकेल. शिवाय इंजिनाची शक्ती ठरावीक मर्यादेपलीकडे असेल किंवा विमान अतिमंद वेगाच्या संरक्षणात गेले असेल, तर संगणक स्पीडब्रेक उघडूच देत नाही. त्यामुळे ‘दांडी ओढली तरी काही होत नाही’ याचा अर्थ दर वेळी बिघाड असा नसतो. कधी कधी थ्रॉटल पुरता मागे घेतलेला नसतो. अनुभवी वैमानिक आधी तेच पाहतो.

काही स्पॉयलर बंद असताना, ठरावीक अटींवर, विमान उडवण्याची मुभाही नियमांत असते. ती गैर नाही. प्रत्येक पर्यायी यंत्रणा चालू असल्याशिवाय विमान उडायचे नाही असे ठरवले तर निम्मी उड्डाणे जमिनीवरच राहतील. पण त्या दिवशी वैमानिकाने मनाशी एक हिशेब करून ठेवायला हवा : आज खाली यायची वेळ आलीच, तर नेहमीचे साधन अर्धेच आहे.

मग उरते काय?

इंजिने मंद असताना उंची सोडण्याचा दर दोन गोष्टींवर ठरतो : हवेचा अडथळा आणि वेग. अडथळा वाढवणारे मुख्य साधन गेले, म्हणजे दोनच रस्ते राहतात. एक, वेग कमाल मर्यादेपर्यंत नेणे. दुसरा, चाके बाहेर काढणे.

पहिला रस्ता सोपा आणि बहुतेक वेळा योग्य. वेग वाढला की अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि विमान त्या वेगाने खालीही सरकत असते, त्यामुळे दुहेरी फायदा होतो. बोइंग ७३७ची कमाल मर्यादा ३४० नॉट, म्हणजे दर्शक वेगाने ताशी सुमारे ६३० किलोमीटर. ए-३२०ची ३५० नॉट. वरच्या हवेत दोघांनाही ध्वनिवेगाच्या ०.८२ पट ही सीमा आधी आडवी येते. म्हणून उतरणीच्या पहिल्या टप्प्यात माख क्रमांकाची मर्यादा आणि खालच्या टप्प्यात नॉटची मर्यादा सांभाळत यावे लागते. सुरुवातीला विमान ३०-४० अंश वळवले की उचलीचा काही भाग बाजूला जातो, नाक सहज खाली येते, प्रवासी आसनातून उचलले जात नाहीत आणि विमान त्याच हवाई मार्गावरच्या खालच्या विमानांपासून दूर होते.

यात स्पीडब्रेक नसल्याचा तोटा किती? ७३७च्या वैमानिकांना नेहमीच्या उतरणीचे जे ढोबळ आकडे शिकवले जातात त्यांत, २८० नॉट वेगाला नुसते विमान मिनिटाला सुमारे २,२०० फूट उतरते, तर स्पीडब्रेकसह सुमारे ३,१००. म्हणजे फरक चाळीस टक्क्यांचा. कमाल वेगाला दोन्ही आकडे खूप वाढतात. समजा स्पीडब्रेकसह मिनिटाला सहा हजार आणि त्यांच्याशिवाय चार हजार फुटांचा दर मिळाला. ३५ हजारांवरून १० हजारांवर यायला पहिल्या प्रकारात चार मिनिटांहून थोडे जास्त, दुसऱ्यात सव्वासहा मिनिटे. फरक साधारण दोन मिनिटांचा.

प्रवाशांच्या डोक्यावरचे मास्क बहुतेक विमानांत रासायनिक प्राणवायूवर चालतात आणि तो १२ मिनिटे किंवा त्याहून थोडा अधिक पुरतो. वैमानिकांच्या मास्कला वेगळी टाकी असते, ती जास्त वेळ चालते. म्हणजे स्पीडब्रेकशिवायची सव्वासहा मिनिटेही या मुदतीत आरामात बसतात. अट एकच : मास्क तोंडावर असला पाहिजे.

आणि चाके?

चाके बाहेर काढली की विमानाखाली जणू एक खांब उभा राहतो. अडथळा प्रचंड वाढतो. पण चाके व त्यांची दारे किती वेगाला उघडायची याला कडक मर्यादा आहेत आणि इथे दोन लोकप्रिय विमाने एकदम वेगळी वागतात.

७३७मध्ये २७० नॉट किंवा माख ०.८२पर्यंत चाके काढता येतात आणि काढल्यावर ३२० नॉटपर्यंत जाता येते. ३५ हजार फुटांवर माख ०.७८ने उडणाऱ्या ७३७चा दर्शक वेग साधारण २६५ नॉट असतो. म्हणजे उंचावर, उतरण सुरू होण्यापूर्वीच, चाके काढण्याची सोय तिथे जवळपास तयारच असते. फक्त ते लगेच ठरवावे लागते. एकदा नाक खाली गेले आणि वेग २७० ओलांडला की ती संधी गेली.

ए-३२०मध्ये हे जमत नाही. चाके २५ हजार फुटांच्या वर काढायची नाहीत आणि २५० नॉट किंवा माख ०.६०च्या आतच काढायची, असा नियम. काढल्यावर कमाल २८० नॉट. वेग २६० नॉटच्या वर असेल तर हायड्रॉलिक दाब चाकांपर्यंत पोहोचतच नाही, त्यासाठी वेगळी झडप आहे. आता विचार करा : वैमानिक ३५० नॉटने २५ हजार फूट ओलांडतो आहे आणि त्याला चाके काढावीशी वाटली. आधी वेग शंभर नॉटनी उतरवायला हवा. स्पीडब्रेक नाहीत, म्हणजे त्यासाठी विमान जवळजवळ सपाट करून वाट पाहावी लागणार. उंची सोडणे थांबणार, तेही नेमके जिथे थांबायला नको तिथे. वैमानिकांमध्ये एक बोलणे आहे, की जेट एकतर खाली येते नाहीतर हळू होते, दोन्ही एकदम करत नाही.

म्हणून विमानाचा सांगाडा शाबूत असेल, तर ए-३२०मध्ये चाकांचा मोह टाळून कमाल वेगाने सरळ खाली येणे शहाणपणाचे. अर्धे अंतर वेगाने येऊन मग विचार बदलणे हा सगळ्यात वाईट पर्याय. निर्णय पहिल्या अर्ध्या मिनिटात व्हायला हवा आणि नंतर तो बदलू नये.

बाकीचे उपाय चर्चेत येतात, ते बहुतेक चर्चेतच राहावेत. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात इंधन संपलेल्या बोइंग ७६७च्या कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरताना विमान तिरके सरकवून जादा उंची घालवली होती. ते ग्लायडर उडवत असल्यामुळे त्यांना ती युक्ती अंगवळणी होती. पण ती कमी उंचीवर, कमी वेगात, शेवटच्या क्षणी वापरली होती. माख ०.८च्या वेगात रडरशी असा खेळ शेपूट गमावण्याचे निमंत्रण आहे. इंजिनांचा उलटा जोर हवेत वापरण्याची परवानगी डीसी-८ आणि कॉन्कॉर्डसारख्या मोजक्या विमानांना होती. आजच्या विमानांत तो हवेत उघडू नये यासाठीच कुलपावर कुलपे लावलेली असतात. २६ मे १९९१ रोजी थायलंडवर लाउडा एअरच्या ७६७चा रिव्हर्सर चढताना आपोआप उघडला आणि २२३ जण गेले.

खरी कोंडी कोणती?

वरचा सगळा हिशेब विमान अखंड आहे असे धरून होता. पण दाब जातो तो बऱ्याचदा काहीतरी फुटल्यामुळे. अशा वेळी कमाल वेग हाच धोका. फाटलेल्या पत्र्यावर ६०० किलोमीटरच्या वाऱ्याचा मारा केला तर भोक वाढेल. म्हणून नियम असा, की सांगाड्याबद्दल शंका असेल तर वेग वाढवू नये, झटके देऊ नयेत. आणि वेग वाढवायचा नाही म्हटले, की उंची सोडायला स्पीडब्रेकच हवेत.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७चे पुढचे छप्पर २४ हजार फुटांवर उडून गेले. प्रवासी उघड्या आकाशाखाली पट्टे बांधून बसले होते. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. कॅप्टनने स्पीडब्रेक उघडले आणि वेग २८०-२९० नॉटच्या आसपास ठेवून विमान खाली आणले. उतरण्याचा दर मिनिटाला चार हजार फुटांपर्यंत गेला. विमानातील ९५ पैकी ९४ जण वाचले. तिथे स्पीडब्रेक नसते तर? कॅप्टनपुढे दोन वाईट पर्याय उरले असते : फाटके विमान आणखी वेगात ढकलणे, किंवा पुढचा भाग कितपत टिकेल याची खात्री नसताना चाके काढणे. याचे पुस्तकी उत्तर नाही. मात्र दिशा आहे : मास्क चालू असतील तर मिनिटभराचा उशीर परवडतो, पंख किंवा शेपूट गेलेली परवडत नाही. सांगाडा संशयास्पद असेल तर हळू यावे, ए-३२०मध्ये सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवून २५ हजारांखाली चाके काढावीत आणि जास्त वेळ लागेल हे मान्य करावे.

इथेच सरावाचा मुद्दा येतो. सिम्युलेटरमध्ये तातडीच्या उतरणीचा सराव सगळे वैमानिक करतात. मास्क चढवा, बोलणे सुरू करा, थ्रॉटल मागे, स्पीडब्रेक पूर्ण, वेग वाढवा, हवाई नियंत्रणाला कळवा, ट्रान्सपॉन्डरवर ७७०० लावा. हा क्रम इतका घोटलेला असतो की हात आपोआप चालतात. तसा तो घोटलाच पाहिजे. पण सरावात बिघाड बहुधा एकटा येतो आणि बाकीचे विमान ठणठणीत असते. हाताने दांडी ओढली आणि फळ्या उघडल्याच नाहीत, हे लक्षात यायला किती सेकंद लागतात, याचा सरावही अधूनमधून व्हायला हवा. दांडी ओढली म्हणजे काम झाले असे मन धरून चालते. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराजवळ नेमके उलटे घडले. डोंगर समोर आल्यावर अमेरिकन एअरलाइन्सच्या ७५७च्या वैमानिकांनी पूर्ण शक्ती लावून वर चढण्याचा प्रयत्न केला, पण आधी उघडलेले स्पीडब्रेक उघडेच राहिले होते. १६३ पैकी १५९ जण मरण पावले. फळ्या बंद आहेत की उघड्या, हे खात्रीने माहीत असणे दोन्ही बाजूंनी जीवनमरणाचे ठरते.

ए-३५०सारख्या नव्या विमानांत दाब गेल्यावर वैमानिकांनी प्रतिसाद दिला नाही तर विमान स्वतःहून खाली येण्याची सोय आहे. हेलिओससारखी घटना त्यामुळे टळू शकेल. एअर इंडियाकडे २०२४ पासून ही विमाने सेवेत आहेत. मात्र देशातला बहुसंख्य प्रवास अजून अशी सोय नसलेल्या विमानांतूनच होतो.

दहा हजार फूट सगळीकडे सुरक्षित?

महाराष्ट्रावर उडताना, हो. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. सह्याद्रीत कुठेही दहा हजारांवर समतल होता येते. लेहचा विमानतळच साडेदहा हजार फुटांहून उंचावर आहे आणि भोवतीची शिखरे त्याच्या कितीतरी वर. तिथे आधी दरीच्या, मोकळ्या प्रदेशाच्या दिशेने पळायचे आणि मग खाली यायचे, असे पलायनमार्ग आधीच आखलेले असतात. १४ मे २०१८ रोजी चोंगचिंगहून ल्हासाला निघालेल्या सिचुआन एअरलाइन्सच्या ए-३१९ची समोरची काच फुटली. सहवैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला, समोरची उपकरणे तुटली. कॅप्टन लिऊ चुआनजियान यांना खाली डोंगर असल्यामुळे आधी २४ हजार फुटांपर्यंतच येता आले. गोठवणाऱ्या वाऱ्यात तिथे काही काळ काढून त्यांनी विमान चंग्तूला उतरवले. अशा ठिकाणी स्पीडब्रेक कितीही चांगले चालले तरी डोंगर मर्यादा ठरवतो.

उतरताना दुसरी परीक्षा

दहा हजार फुटांवर आल्यावर सगळे सुटकेचा श्वास टाकतात. वैमानिकाला मात्र आठवावे लागते, की ज्या फळ्या हवेत उघडल्या नाहीत त्या धावपट्टीवरही कदाचित उघडणार नाहीत. त्या उघडल्या नाहीत तर पंख विमानाला उचलून धरत राहतात, चाकांवर भार पडत नाही आणि ब्रेक नीट पकडत नाहीत. १७ जुलै २००७ रोजी साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर ओल्या, आखूड धावपट्टीवर टॅमचे ए-३२० थांबलेच नाही. एका इंजिनाचा थ्रॉटल मागे नसल्यामुळे स्पॉयलर उघडले नव्हते. १९९ जणांचा मृत्यू झाला.

तेव्हा दाब आणि स्पीडब्रेक दोन्ही गेलेल्या विमानासाठी ‘जवळचा’ विमानतळ दर वेळी योग्य नसतो. मंगळुरू किंवा कोळिकोडसारख्या टेबलटॉप धावपट्टीपेक्षा थोडी दूरची पण लांब आणि कोरडी धावपट्टी बरी. दहा हजार फुटांवर इंधन मात्र भराभर जळते, त्यामुळे ही निवडही रेंगाळत करता येत नाही.

प्रवाशांचे काय?

स्पीडब्रेक नसल्यामुळे वाढलेली दोन मिनिटे मास्क लावलेल्यासाठी नगण्य आणि न लावलेल्यासाठी निर्णायक ठरू शकतात. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्टच्या ७३७चे इंजिन फुटून खिडकी गेली, तेव्हा आतून काढलेल्या छायाचित्रांत कित्येकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला दिसतो, नाक उघडे. मोबाइल मात्र नीट धरलेला. आपल्याकडे यापेक्षा वेगळे घडेल असे मानायला आधार नाही.

मास्क ओढल्याशिवाय प्राणवायू सुरू होत नाही. पिशवी फुगली नाही तरी तो येत असतो. रासायनिक क्रियेमुळे डोक्यावरचा भाग तापतो आणि जळका वास येतो. आग लागली असे समजून अनेक जण नेमका तेव्हा मास्क काढतात. ही तीन वाक्ये उड्डाणाआधीच्या सूचनेत नीट, प्रवाशाच्या भाषेत सांगितली जायला हवीत. ‘उडान’ योजनेनंतर प्रथमच विमानात बसणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि मुंबई-नागपूर फेरीतसुद्धा ही सूचना बहुधा हिंदी व इंग्रजीतच, जांभया देणाऱ्या विमानात उरकली जाते. स्पीडब्रेकची दुरुस्ती हवेत करता येत नाही. मराठीत ध्वनिमुद्रित केलेली एक मिनिटाची सूचना मात्र पुढच्या महिन्यापासूनही वाजवता येईल.